ससेहोलपट थांबते तेव्हा

पाठीवर पान पडलं आणि आभाळ कोसळलं म्हणून ससा पळत सुटला, ही गोष्ट लहानपणी आपण हसत हसत ऐकलेली असते. सशाच्या बाजूने ती कुणी सांगत नाही. वरून नव्याण्णव वेळा पान पडत असेल, पण शंभराव्या वेळी ती घार असते, आणि त्या वेळी मान वळवून खात्री करत बसलेल्या सशाला पुढे पिल्लं होत नाहीत. आज आपल्या घरात येणारा प्रत्येक ससा हा पळालेल्यांचा वंशज आहे. मराठीने त्याच्या हालांसाठी एक अख्खा शब्दच राखून ठेवलाय, ससेहोलपट. चहूबाजूंनी हाकारे आणि शिरायला बीळ नाही, अशा वेळी सशाचं जे होतं ते.

या शब्दात भीतीपेक्षा बीळ नसणं मोठं आहे. रेस्क्यू केलेला ससा घरी आणणारे बहुतेक जण त्याची भीती घालवायच्या मागे लागतात. प्रेमाने उचलतात, कुरवाळतात, ‘सवय होईल’ म्हणून मांडीवर दाबून बसवतात. हे सगळं उलट्या टोकाने सुरू केलेलं काम आहे. आधी बीळ द्यायचं, मग जागा, माणूस सगळ्यात शेवटी.

बीळ म्हणजे पुठ्ठ्याचं खोकं चालतं, आणि तेच सगळ्यात चांगलं. दोन-दोन किलोच्या जोडीला साधारण ६० सेंमी लांब, ४५ रुंद आणि ३५ ते ४० उंच असं खोकं पुरतं. त्याला दोन वेगवेगळ्या बाजूंना साधारण १५ ते १८ सेंमीची दोन दारं कापायची. एकाच दाराचं खोकं हा सापळा असतो, कारण दारात कुणी उभं राहिलं की आतल्याला वाटच उरत नाही. जोडीतल्या एकाने दुसऱ्याला कोंडलं तरी तेच होतं. खोक्याचे स्टेपल आणि चिकटपट्टी आधी काढून टाका, कारण पहिल्या रात्रीच दारांचे काठ कुरतडले जाणार. दोन सशांना तीन खोकी ठेवली की भांडणही टळतं.

ससा ज्या पेटीतून आणला ती खोलीत ठेवून तिचं दार उघडायचं आणि बाजूला व्हायचं. पेटी वाकडी करून ससा ‘ओतायचा’ नाही. तो दहा मिनिटांत बाहेर येईल किंवा दिवे मालवल्यावर येईल. पेटी तिथेच राहू द्या, पुढे फार उपयोगी पडते. जिथून ससा आणला तिथलं थोडं वापरलेलं गवत आणि एखादं न धुतलेलं फडकं मागून घ्यायला विसरू नका. सशाच्या हनुवटीखाली गंधग्रंथी असतात आणि हनुवटी घासून तो वस्तूवर आपलं नाव लिहीत असतो. आपण जंतुनाशकाने लख्ख केलेली खोली त्याच्या नाकाला परक्या मुलखासारखी असते. पुढेही शू-लेंड्यांचा ट्रे साफ करताना मूठभर जुनं गवत मागे ठेवावं ते याचसाठी.

पहिली मोठी चूक उदारपणाची असते. ‘पिंजऱ्यात फार सोसलंय बिचाऱ्याने’ म्हणून अख्खं घर मोकळं सोडलं जातं. ससा सोफ्याखाली शिरतो आणि चार दिवस तिथेच राहतो. काय खाल्लं ते दिसत नाही, शू तिथेच होते, शेवटी कुणीतरी झाडू घालून त्याला बाहेर काढतं, आणि झाडूची ती मूठ तो महिनाभर विसरत नाही. त्याऐवजी कुंपणाच्या जोडता येणाऱ्या जाळ्या घ्या, ९० सेंमी उंचीच्या, आणि खोलीच्या कोपऱ्यात आखून घ्या. दोन बाजूंना भिंत आली की सशाला दोनच दिशा राखाव्या लागतात. जोडीला कायमची जागा ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच इतकी तरी हवी. बुजऱ्या सशाला पहिले काही दिवस याच्या अर्ध्यात ठेवलं तरी चालतं, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून जाळी हातभर मागे सरकवत न्यायची. सोफ्याच्या, कपाटाच्या खालच्या फटी फळ्या लावून बुजवायच्या. विजेच्या वायर जाड प्लास्टिकच्या नळीतून न्यायच्या किंवा ६० सेंमीच्या वर बांधायच्या. उभा राहिलेला ससा वाटतं त्याहून उंच पोचतो.

फरशीकडे कुणाचं लक्ष जात नाही. सशाच्या तळव्यांना कुत्र्या-मांजरांसारख्या गाद्या नसतात, नुसती दाट लव असते, आणि ती गुळगुळीत फरशीवर धरत नाही. ज्याचा सगळा भरवसा मागच्या पायांवर, त्याचे तेच पाय घसरले की तो हलायचंच टाळतो. ‘आमचा ससा एकाच पायपुसण्यावर बसून असतो’ ही तक्रार पुष्कळदा भीतीची नसतेच, फरशीची असते. खोक्यापासून ट्रेपर्यंत आणि ट्रेपासून पाण्यापर्यंत सुती सतरंजीची वाट अंथरा. लोकरीसारखे लांब कृत्रिम धागे असलेला गालिचा नको. तो कुरतडला की धागे पोटात अडकतात, आणि सशाला उलटी करता येत नाही.

ट्रे मोठा घ्या, मांजराचा सगळ्यात मोठा असतो तसा, एक काठ आठ-दहा सेंमीचा बुटका असलेला. तळाला दोन-तीन सेंमी कागदाच्या लगद्याच्या गोळ्या टाकायच्या. मांजराची गोळा धरणारी माती अजिबात नको, ती पोटातही गोळा धरते. देवदाराच्या वासाचा भुसाही नको. वाळकं गवत ट्रेच्याच एका टोकाला ढिगाने ठेवायचं, कारण ससा खाता खाताच लेंड्या टाकतो. ही त्याची घाण सवय नाही, आपल्या सोयीची सवय आहे. निर्बीजीकरण झालेला ससा ट्रे लवकर धरतो. ते झालं नसेल तर कोपऱ्याकोपऱ्यात शू करून हद्द आखणं चालूच राहील, त्यावर रागावून काही होत नाही.

पहिल्या तीन दिवसांत एकाच गोष्टीची चिंता करायची, पोट चाललंय ना. बुजलेला ससा माणसासमोर खात नाही. रिकामं ताट पाहून घाबरायचं नाही आणि भरलेलं पाहून निर्धास्तही व्हायचं नाही, लेंड्या बघायच्या. धडधाकट ससा दिवसाला दोन-तीनशे लेंड्या टाकतो, गोल, कोरड्या, वाटाण्याएवढ्या, चुरगाळल्या तर आत गवताचा भुसा दिसतो. त्या बारीक होत गेल्या, केसांच्या दोऱ्यात माळेसारख्या ओवलेल्या आल्या, संख्येने निम्म्यावर आल्या, तर आतड्यांची चाल मंदावतेय. भीतीने हे होतं, आणि सशाच्या बाबतीत हेच सगळ्यात घातक आहे. बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंडी दिसली नाही तर ‘उद्या सकाळी बघू’ म्हणायचं नाही, सशांची माहिती असलेल्या पशुवैद्याला रात्रीच फोन करायचा. त्यासाठी नंबर आधीच शोधून ठेवलेला असावा. मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घडासारख्या लेंड्या वेगळ्या. त्या तो थेट शेपटीखालून तोंडाने उचलून पुन्हा खातो, कारण त्यांच्यात जीवनसत्त्वं आणि प्रथिनं असतात. शूचा रंग एखाद्या दिवशी तांबडा-केशरी आला तरी हादरू नका, बहुतेक वेळा तो पाल्यातल्या रंगद्रव्यांचा असतो. मात्र लाल ठिपके, गाठी किंवा जोर लावून शू करणं दिसलं तर तो पशुवैद्याचा विषय आहे.

खाणं पहिल्या आठवड्यात अजिबात बदलू नका. आधीच्या ठिकाणी जे पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या, मिळत होते तेच द्या, ते कितीही सुमार वाटले तरी. बदल नंतर दहा-चौदा दिवसांत, जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत करायचा. गवत अमर्याद, रोज निदान त्याच्या स्वतःच्या आकाराएवढा भारा. पेलेट किलोमागे २५ ग्रॅमच्या वर नकोत. पाणी जड वाडग्यात ठेवा. बाटलीच्या नळीतून थेंब थेंब पिताना ससा मुळात कमी पितो, आणि नळीतल्या गोळीचा खडखडाट बुजऱ्याला नकोसाच असतो. दर आठवड्याला एकाच वेळी वजन करा, तेही उचलून नाही. खोक्यात गवत ठेवून तो आपणहून शिरला की खोक्यासकट काट्यावर घ्यायचा. दोन किलोच्या सशाचं वजन दोनशे ग्रॅमने उतरलं तर कारण शोधायला हवं, आणि ते शोधायला दातांपासून सुरुवात करतात. सशाचे दात जन्मभर वाढतात. मागच्या दाढेचा एक टोकदार कोपरा जिभेला टोचत असेल तर ‘घाबरून खात नाही’ हा आपला निष्कर्ष चुकीचा निघतो. ज्याचं खाणंही सुटलंय आणि जो बुजलेलाही आहे, तो कधी कधी बुजरा नसतोच, दुखणाईत असतो. फरक ऐकून ओळखू येतो. हलकेच, जेमतेम ऐकू येतील असे दात वाजवणं म्हणजे समाधान, कचकच मोठ्याने वाजवणं म्हणजे वेदना.

आता माणूस.

सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, मागचंसुद्धा आणि वरचंसुद्धा. दिसत नाही ते अगदी नाकासमोरचं आणि हनुवटीखालचं. कुत्र्याला करतो तसा हात नाकाशी हुंगायला नेला की तो त्या आंधळ्या पट्ट्यात अचानक उगवतो. वरून झेपावत आणला तर ती घारच. म्हणून हात जमिनीवर ठेवायचा, तळवा खाली, सशापासून हातभर लांब, आणि तो तिथेच राहू द्यायचा. आपण जमिनीवर बसायचं, त्याच्याकडे कूस करून, नजर दुसरीकडे. ससा पहाटे आणि सांजवेळी सगळ्यात जागा असतो, त्या वेळी वीस मिनिटं. पुस्तक पुटपुटत वाचलं तरी चालतं, आवाज एकसुरी असला म्हणजे झालं. दुपारी तो झोपलेला असताना ही बैठक मांडणं म्हणजे त्याच्या दृष्टीने मध्यरात्री दार वाजवणं.

सुरुवातीला तो खोक्याच्या दारात येऊन थिजतो. इथे नाकाकडे पाहायचं. सशाचं नाक सतत फुरफुरत असतं. पूर्ण एकाग्र भीतीत ते थांबतं, कान ताठ, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसू लागतं. अशा वेळी आपण हलायचं नाही, उठायचं नाही, मायेने बोलायचंही नाही. आपला श्वास तेवढा सावकाश सोडायचा. मिनिट-दोन मिनिटांनी नाक पुन्हा हलू लागतं, आधी एकदा, मग दोनदा. मग मान लांब होते, मागचे पाय जागेवरच रोवलेले, पळायची तयारी ठेवून पुढचं अंग तेवढं पुढे आणलेलं. गुडघ्यावरची शिवण हुंगली जाते, दातांनी कपडा एकदा खेचून पाहिला जातो. यातल्या कुठल्याही टप्प्यावर हात उचलून ‘अगं बाई, आली!’ केलं की मग पहिले पाढे पंचावन्न.

तळहातावरची लाच चालते, पण ती रोजच्या वाट्यातून काढा. दोन किलोच्या सशाचे ५० ग्रॅम पेलेट असतील तर त्यातले दहा ग्रॅम हातासाठी राखायचे. गोड फळ रोज देऊन मैत्री लवकर होते आणि पोट लवकर बिघडतं. तो हातातून शांतपणे खाऊ लागला की मग पहिला स्पर्श कपाळावर, डोळ्यांच्या मध्ये आणि कानांच्या मुळाशी. दोनदा बोट फिरवायचं आणि थांबायचं. त्याने डोकं जमिनीला टेकवलं किंवा हाताखाली सारलं तर पुढे चालू, अंग चोरलं तर आज पुरे. हनुवटी, पोट आणि पाय यांना हात लावायची घाई नको. यात कुणाला चार दिवस लागतात, कुणाला चार महिने. खोक्यात हात घालून त्याला बाहेर ओढणं हे एकच काम असं आहे की एकदा केलं तरी सगळं मुसळ केरात जातं. खोकं साफ करायचं ते तो बाहेर असताना.

काही ससे पळत नाहीत, अंगावर येतात. गुरगुरतात, दोन्ही पंजांनी सपकारे मारतात, चावतात. त्यांना ‘रागीट’ हे लेबल लावून शेल्टरमध्ये वर्षं काढावी लागतात. भीतीचीच ही दुसरी तऱ्हा. पळून पाहिलं, उपयोग झाला नाही, मग चढाई. अशा सशाच्या जागेत हात कधीच रिकामा नेऊ नका. जाड बाहीचा कपडा घाला, हिरवा पाला आधी टाका, ताट उचलायचं ते तो दुसऱ्या टोकाला खात असताना. तीन-चार आठवड्यांत हात म्हणजे काढून घेणारा नव्हे, आणून देणारा, हा हिशेब त्याच्याकडे जमा होतो.

उलटं पाठीवर धरलेला ससा निपचित पडतो, त्याचे व्हिडिओ ‘किती निवांत’ म्हणून फिरत असतात. तो निवांत नसतो. शिकाऱ्याच्या तावडीत मेल्याचं सोंग घ्यावं, तशी ती शरीराची शेवटची युक्ती असते. उचलण्याबद्दलही हट्ट सोडावा. सशाचा सांगाडा हलका, वजनाच्या सात-आठ टक्के, आणि मागच्या पायांची ताकद अफाट. हवेत झाडलेल्या एका लाथेने त्याचा स्वतःचा कणा कंबरेपाशी मोडू शकतो. अगदी उचलावंच लागलं तर एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, अंगाशी घट्ट, आणि आपण खाली बसलेले. कानांना धरून कधीही नाही. त्याहून बरं, पेटी उघडी ठेवून रोजचा एक घास तिच्यातच द्या. महिनाभरात तो आपणहून शिरतो, मग पशुवैद्याकडे जायच्या दिवशी फक्त दार लावायचं असतं. जोडी असेल तर दोघांनाही न्यायचं. एकटा जाऊन औषधांच्या वासाने परतलेला जोडीदार दुसऱ्याला परका वाटतो आणि जुळलेली जोडी मोडते.

घरात रुळला की अंगणाचा विचार. घाई इथेही नको, आणि इथल्या चुका तर जिवावर बेततात. वजन स्थिर हवं, निर्बीजीकरण झालेलं हवं. नर निर्बीजीकरणानंतरही चार ते सहा आठवडे पिल्लं देऊ शकतो, हे मादीसोबत सोडताना लक्षात ठेवा. सशांच्या रक्तस्रावी तापाचा विषाणू १९८४ मध्ये चीनमध्ये पहिल्यांदा ओळखला गेला, त्याचा दुसरा प्रकार २०१० मध्ये फ्रान्समध्ये. तो बुटांना लागून आणि माश्यांवरूनही येतो, त्यामुळे घरातला ससाही सुटत नाही. मिक्झोमॅटोसिस हा सशांचा दुसरा विषाणूजन्य आजार डास-पिसवांनी पसरतो. लस मिळत असेल तर ती आधी, अंगण नंतर. पिसवांवर कुत्र्यांचं कुठलंही औषध परस्पर लावू नका. फिप्रोनिल असलेली औषधं सशाला विषारी आहेत.

कुंपणाला कोंबड्यांची षटकोनी जाळी पुरत नाही. ती कोंबडी आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. वेल्ड केलेली, १.६ मिमी जाडीच्या तारेची आणि २५ बाय १३ मिमीहून मोठं भोक नसलेली जाळी घ्या. ती स्टेपलने ठोकू नका, रुंद वायसर घालून स्क्रूने आवळा. स्टेपल बाहेरून धक्का बसला की एकेक करून सुटतात. छत हवंच. खालून ससा खणतो आणि बाहेरून दुसरं कुणीतरी खणतं, म्हणून जाळीचा ४५ सेंमीचा पट्टा कुंपणाच्या पायथ्याशी बाहेरच्या अंगाने जमिनीवर आडवा अंथरून खुंट्यांनी पक्का करायचा. गवत त्यातून उगवून वर येतं. दाराला दोन कड्या, एक वर एक खाली. एकच मधली कडी असली की कुत्रा खालच्या कोपऱ्यावर अंग टाकतो, दार वाकतं आणि बोटभर फटीतून पुढचं सगळं होतं. खरं तर आत शिरायचीही गरज नसते. जाळीबाहेर कुत्रा फेऱ्या घालतोय एवढ्याने ससा जाळीवर आपटून कणा मोडून घेतो, किंवा धसक्यानेच जातो. म्हणून निदान दोन बाजू फळ्यांनी पूर्ण बंद ठेवाव्यात, आणि कुठूनही दोन उड्यांत गाठता येईल असं लपण असावं.

त्यातलं एक लपण घरातलंच असू द्या, कुरतडलेलं, वासाचं, जुनं. नवं लाकडी खुराडं कितीही देखणं असलं तरी पहिल्या दिवशी ससा त्या फाटक्या पुठ्ठ्यातच शिरणार. पहिली फेरी सकाळी, दव सुकल्यावर, पंधरा मिनिटांची. गवत आधी तोडून मूठ-मूठ दोन-तीन दिवस घरातच द्या, मग चरायला दहा मिनिटं, आठ-दहा दिवसांत वाढवत न्या. एकदम पोटभर कोवळं गवत खाल्लं की लेंड्या पातळ होतात. यंत्राने कापलेल्या गवताचे तुकडे देऊ नयेत, ते लगेच आंबतात. कण्हेर आणि लिली जवळपास नको.

थंडीचं गणित नीट समजून घ्यावं लागतं. सरावलेला ससा थंडी चांगली सोसतो, ओल आणि वारा सोसत नाही. पण उबदार खोलीत राहिलेल्याला दाट केस आलेले नसतात. त्याला हिवाळ्यात बाहेर हलवू नका, रात्री उबदार होईपर्यंत थांबा आणि मग मुक्काम बदला. रोज सकाळी गार अंगणात आणि रात्री गरम खोलीत, हेही नको. उन्हाचं तर त्याहून कठीण. ससा घाम गाळत नाही, त्याची उष्णता कानांवाटे जाते. २५ अंशांच्या वर तो सुस्तावतो, ३०च्या आसपास धोका खरा होतो. सावली, फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली, ओली लादी एवढं हाताशी ठेवा. तोंड उघडून धाप, लाळ, तोल जाणं दिसलं तर कान गार पाण्याने ओले करून थेट पशुवैद्याकडे. बादलीत बुडवायचं नाही. उबदार दिवसांत सकाळ-संध्याकाळ शेपटीखाली बघायचं. तिथे घाण चिकटली तर माशी अंडी घालते आणि बारा ते चोवीस तासांत अळ्या होतात.

जमेल त्यांनी घर आणि अंगण बोगद्याने जोडावं. साधारण १५ ते २० सेंमी व्यासाचा पाइप, आतून खरखरीत केलेला, वळण असेल तर सौम्य. आपण नेण्या-आणण्याचा प्रश्नच मिटतो, आणि कधी जायचं ते तो ठरवतो. पहिले काही दिवस तो बोगद्याच्या तोंडाशीच बसून राहील. बसू द्या.

जुळवून घेतलंय की नाही हे मांडीवर येण्यावरून मोजू नका, पुष्कळ ससे जन्मभर मांडीवर येत नाहीत. पुन्हा बाहेर यायला किती वेळ लागतो ते मोजा. वरून सावली सरकते, मागचा पाय जमिनीवर धाड्कन आपटला जातो, दोन्ही ससे बोगद्यात गडप. पहिल्या आठवड्यात या एका आवाजानंतर ते संध्याकाळपर्यंत दिसत नव्हते. आता अंगण रिकामं, गवताची काडी जिथे टाकली तिथेच. एक मिनिट जातं, दोन जातात. मग अंधारात काहीतरी फुरफुरतं, नाक बाहेर येतं, एक कान येतो, आणि अर्धं अंग आतच ठेवून टाकलेली काडी दातांत धरून आत ओढली जाते.